हापूसचा हंगाम सुरू झाला, निरोप मात्र पोहोचत नाहीत : बल्क सॉफ्टवेअर घ्यावे का?

कलमबाग_देवगड

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची पावणेदोनशे कलमे आहेत. वडिलांच्या काळात सगळा माल वाशीच्या बाजारात जात असे आणि पट्टी (विक्रीचा हिशेब) येईपर्यंत भाव काय मिळाला हे आम्हाला कळत नसे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे माल पाठवणेच बेभरवशाचे झाले, तेव्हा पुण्यातील दोन नातेवाइकांच्या सोसायट्यांमध्ये आम्ही पहिल्यांदा थेट पेट्या पोहोचवल्या. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आज आमच्या वहीत पुणे, ठाणे आणि बोरिवली परिसरातील १,१४० ग्राहकांचे क्रमांक आहेत. वाशीला आता निम्म्याहून कमी माल जातो.

अडचण यंदाची आहे. जुना क्रमांक वडिलांच्या नावावर होता, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी व्यवसायासाठी स्वतःच्या नावावर नवीन सिम घेतले आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वहीतील सगळे क्रमांक फोनमध्ये घालून पाच ब्रॉडकास्ट याद्या (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पोहोचवणाऱ्या) केल्या आणि नेहमीप्रमाणे कलमांचे छायाचित्र, आकारानुसार डझनाचे भाव आणि पहिली गाडी कधी निघणार याची तारीख पाठवली. तीन दिवस झाले तरी जवळजवळ नऊशे जणांच्या नावापुढे एकच खूण आहे. मागच्या वर्षी याच सुमारास दोनशेच्या वर पेट्यांची मागणी नोंदली होती, यंदा सदतीस आहे. झाडावरची फळे तयार झाली की ती कोणासाठी थांबत नाहीत, हे आपल्यापैकी बागायतदारांना सांगायला नको.

अशातच तालुक्याच्या गावी एका गृहस्थाने मला एक सॉफ्टवेअर दाखवले. सहा हजार रुपयांत ते सॉफ्टवेअर आणि त्यासोबत मुंबई-पुण्यातील पंचवीस हजार मोबाइल क्रमांकांची तयार यादी तो देतो, आणि एका रात्रीत सगळ्यांना निरोप जाईल असे सांगतो. माझ्या भाच्याचे म्हणणे आहे की निरोपांचा नाद सोडून इन्स्टाग्रामवर रील टाकावेत आणि थोडे पैसे देऊन जाहिरात करावी. ज्यांनी छोट्या धंद्यासाठी यातील काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. निर्णय चार दिवसांत घ्यायचा आहे.

अभियंता_ठाणे

दादा, ते सॉफ्टवेअर कृपया घेऊ नका. मी ज्या कंपनीत काम करतो ती व्यावसायिकांना व्हॉट्सॲपची सशुल्क सेवा जोडून देते, त्यामुळे या विषयाची आतली बाजू रोज डोळ्यांसमोर असते, आणि तुमची अडचण पैसे खर्च न करता सुटण्यासारखी आहे असे मला वाटते.

आधी निरोप का पोहोचले नाहीत ते पाहू. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी जास्तीत जास्त २५६ जण घेता येतात, हे तुम्ही याद्या पाच केल्या त्यावरून तुम्हाला ठाऊक दिसते. त्यापेक्षा महत्त्वाचा नियम असा की, ज्याने तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे, त्यालाच ब्रॉडकास्टचा निरोप मिळतो. तुम्ही त्यांचे क्रमांक जतन केले आहेत, परंतु त्यांच्याकडे जतन आहे तो वडिलांचा जुना क्रमांक. नवा क्रमांक त्यांच्यासाठी अनोळखी आहे, म्हणून एकच खूण. तुमच्या मजकुरात किंवा भावात काहीही चुकलेले नाही आणि ग्राहकही तुटलेले नाहीत. त्यांना तुमचा निरोप मिळालेलाच नाही.

यावरून उपायही निघतो. जुने सिम अजून चालू असेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून त्या क्रमांकावर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करा. ज्यांच्याकडे तो क्रमांक "देवगड हापूस" अशा नावाने जतन आहे, त्यांना त्यावरून पाठवलेला ब्रॉडकास्ट मिळेल. त्यात भाव वगैरे काही लिहू नका. आमचा क्रमांक बदलला आहे, नवा क्रमांक सोबत जोडला आहे, तो जतन करावा आणि यंदा आंबा हवा असल्यास त्या क्रमांकावर "हो" एवढेच कळवावे, इतकाच मजकूर पुरे. बरेच दिवस बंद असलेल्या क्रमांकावरून अचानक शेकडो निरोप जाणे संशयास्पद ठरू शकते, म्हणून एका दिवशी एकच यादी घ्या. ग्राहकाने तुम्हाला आपणहून लिहिले की पुढचा संवाद मोकळा होतो, आणि त्या वेळी त्याच्या नावापुढे लेबल लावून ठेवा.

आता त्या सहा हजारांच्या सॉफ्टवेअरविषयी. व्हॉट्सॲपच्या अटींनुसार अनधिकृत साधनाने घाऊक निरोप पाठवण्यास मनाई आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ अन्वये कंपनीला भारतातील कारवाईचा अहवाल दर महिन्याला प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यात बंद केलेल्या खात्यांची संख्या लाखांत असते. अनोळखी माणसाला आंब्याची जाहिरात आली की तो "तक्रार करा" हे बटण दाबतो. अशी काही डझन बटणे एका सकाळी दाबली गेली की क्रमांक बंद होण्यास वेळ लागत नाही, आणि तुमचे १,१४० ग्राहक ज्या क्रमांकावर येणार आहेत तोच हा क्रमांक असेल. पंचवीस हजार क्रमांकांची यादी ही तर वेगळीच गंभीर बाब आहे. त्या लोकांनी आपले क्रमांक तुम्हाला द्यायला कोणालाही सांगितलेले नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत असताना विकत घेतलेल्या याद्यांवर धंदा उभा करणे कोणत्याही लहान व्यावसायिकाच्या हिताचे नाही.

अधिकृत सशुल्क मार्ग आहे, पण तो तुम्हाला यंदा लागेल असे मला वाटत नाही. त्यात निरोपाचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ग्राहकाची संमती लागते, आणि पडताळणी न झालेल्या नव्या व्यावसायिकाला सुरुवातीला २४ तासांत २५० नव्या व्यक्तींपर्यंतच स्वतःहून निरोप पाठवता येतो. जुलै २०२५ पासून आकारणी प्रत्येक निरोपामागे होते. जाहिरातीचा निरोप हा "पेटी निघाली" यासारख्या सूचनेच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि ग्राहकाने लिहिल्यापासून २४ तासांच्या आत दिलेल्या साध्या उत्तराला शुल्क नाही. वर्षाकाठी पाच-सात हजार ग्राहक झाले आणि एकट्याला उत्तरे देणे अशक्य झाले, तर त्या वेळी जरूर विचारा. एसएमएसचा विचार मनात असेल तर त्यासाठीही ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी प्रणालीवर व्यवसायाची, पाठवणाऱ्याच्या नावाची (हेडर) आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी करावी लागते, आणि ते चार दिवसांत होण्यासारखे काम नाही.

मेतकूट_डोंबिवली

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे, कारण मी त्याच वाटेने जाऊन पोळले आहे. मी घरी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दिवाळीत फराळ करते. काही वर्षांपूर्वी वसुबारसेच्या आठवडाभर आधी मी असेच एक सॉफ्टवेअर घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझा व्यवसायाचा क्रमांक बंद झाला. पुनर्विचाराची विनंती केली, परंतु क्रमांक पुन्हा सुरू होईपर्यंत नऊ दिवस गेले. चकल्यांची भाजणी दळून डब्यांत भरलेली होती आणि ती कोणी मागवली आहे याच्या नोंदी त्या बंद फोनमध्ये होत्या. सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाने त्यानंतर माझा फोन उचलला नाही.

त्या नऊ दिवसांनंतर मी केलेला बदल इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटते. मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक ग्राहकाला अर्धे पान दिले. नाव, क्रमांक, इमारत, मागच्या तीन वेळी काय घेतले, तिखट कमी हवे की जास्त, घरी कोणाला शेंगदाण्याचे पथ्य आहे का, पैसे कसे देतात. दर रविवारी संध्याकाळी फोनमधील लेबले आणि वही मी शेजारी ठेवून जुळवते. "नवीन ग्राहक" आणि "पैसे बाकी" ही लेबले ॲपमध्ये तयारच असतात. त्यांत मी "फक्त दिवाळी", "दरमहा भाजणी" आणि "निरोप नको" अशी तीन वाढवली आहेत. शेवटचे लेबल मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्यांनी एकदा निरोप नको असे सांगितले त्यांना मी पुन्हा कधीही पाठवत नाही, आणि त्यांतील काही जणी सणाच्या वेळी स्वतःहून फोन करतात.

कलमबागवाले दादा, तुमच्याकडे वही आहे हे वाचून फार बरे वाटले, कारण ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या होत्या, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे डबे कोणाकडे जायचे हे मला वहीमुळेच कळले. ती वही जपा आणि तिची एक प्रत घरात वेगळ्या ठिकाणी ठेवा.

भाच्याच्या सूचनेविषयी माझा अनुभव मिश्र आहे. रीलमुळे बघणारे पुष्कळ मिळतात, पण ते अमरावतीचे असतात, इंदूरचे असतात, आणि माझा डबा डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे जात नाही. पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर संपूर्ण महाराष्ट्र निवडू नये. नकाशावर जिथे तुमची गाडी थांबते ते ठिकाण घेऊन त्याच्या भोवती तीन-चार किलोमीटरचे वर्तुळ निवडावे आणि जाहिरातीवरील बटण थेट व्हॉट्सॲपवर नेणारे ठेवावे. दिवसाला दोनशे रुपयांपासून सुरुवात करावी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरावे.

ग्राहक_कोथरूड

मी व्यवसाय करत नाही. दरवर्षी आठ-दहा पेट्या घेणारी आणि इमारतीतील शेजाऱ्यांनाही मिळवून देणारी गृहिणी आहे. ग्राहकाच्या बाजूने चार शब्द लिहावेत असे वाटले.

मार्च महिना लागला की माझ्या फोनवर "अस्सल देवगड हापूस" या मथळ्याचे रोज तीन-चार निरोप येतात. गेल्या वर्षी चार वेगवेगळ्या क्रमांकांवरून मला एकच छायाचित्र आले होते, अगदी टोपलीच्या कडेला असलेल्या निळ्या सुतळीसकट तेच. तेव्हापासून सुंदर छायाचित्र दिसले की माझा विश्वास वाढण्याऐवजी कमी होतो. ज्यांच्याकडून मी सलग पाच वर्षे आंबा घेत आहे, त्यांनी मला सुरुवातीला जो व्हिडिओ पाठवला होता तो जेमतेम पाऊण मिनिटाचा होता. त्यात त्यांची आई आढीतील पेंढा बाजूला करून एकेक फळ हातात घेऊन दाबून न पाहता फक्त वास घेत होती आणि मालवणीत सांगत होती की हे परवा होईल, याला अजून चार दिवस आहेत. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. असा व्हिडिओ दलालाला करता येत नाही.

दुसरी गोष्ट खरेपणाची. एका वर्षी त्यांनी लिहिले होते की पहिला मोहोर गळाला आहे, म्हणून फळ उशिरा आणि थोडे येईल, भाव मागच्या वर्षीपेक्षा जास्त राहील, आणि ज्यांना थांबणे शक्य नाही त्यांनी दुसरीकडून घ्यावा. मी थांबले. त्याच वर्षी एका पेटीतील तीन फळांत साका निघाला. बाहेरून फळ निर्दोष आणि आत पांढरट, आंबट गर. मी कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवले, तर वाद न घालता त्यांनी साका का होतो आणि तो बाहेरून ओळखता का येत नाही हे समजावले आणि पुढच्या गाडीत सहा फळे जास्त पाठवली. त्या सहा फळांमुळे आमच्या इमारतीतील अकरा कुटुंबे त्यांच्याकडे वळली.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तसे स्पष्ट लिहा, कारण ग्राहक आता विचारू लागले आहेत. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ पासून प्रत्येक फळासाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर आणले आहेत आणि त्या क्रमांकाची पडताळणी फोनवरून करता येते. तुमच्या पेटीत ते असतील, तर ती पडताळणी कशी करायची याचा एक छोटा व्हिडिओ निरोपासोबत पाठवा. माझ्यासारखी ग्राहक भावापेक्षा त्याला अधिक महत्त्व देईल.

कलमबाग_देवगड

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थाला आज सकाळी नकार कळवला.

जुने सिम वडिलांच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये आहे आणि चालू आहे. पुतण्याचा जुना फोन घेऊन त्यावर काल दुपारी पहिली यादी पाठवली. रात्री नऊपर्यंत २५६ पैकी १२० जणांनी नव्या क्रमांकावर "हो" लिहिले आणि सत्तर-ऐंशी जणांनी सोबत वडिलांची प्रकृतीही विचारली. वडील प्रत्येक निरोप मोठ्याने वाचून घेत होते. उरलेल्या याद्या आज आणि पुढच्या तीन दिवसांत पाठवीन.

दोन शंका राहिल्या आहेत. पुढच्या वर्षी पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून पेटीतच काही ठेवता येईल का? आणि समजा कधी काही चूक नसताना क्रमांक बंद झालाच, तर दाद कुठे मागायची?

अभियंता_ठाणे

पहिली बातमी वाचून समाधान वाटले.

पेटीत पेंढ्याच्या वर ठेवण्यासाठी पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कार्ड छापून घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसच्या सेटिंगमध्ये तुमच्या क्रमांकाचा क्यूआर कोड आणि छोटी लिंक तयार मिळते, आणि स्कॅन केल्यावर ग्राहकाच्या पडद्यावर कोणता मजकूर आधीच लिहिलेला दिसावा हेही ठरवता येते. "पेटी मिळाली, क्रमांक जतन केला" असा मजकूर ठेवलात तर पोचही मिळेल आणि पुढच्या हंगामाची यादीही आपोआप तयार होईल. कार्डाच्या मागच्या बाजूला पेटी उघडल्यावर फळे कशी पसरून ठेवावीत आणि तयार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये का ठेवू नयेत ते लिहा, म्हणजे कार्ड आठवडाभर तरी ओट्यावर राहील. आंबा कार्बाइडवर पिकवलेला नाही हेही त्यावर असू द्या. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, पण तुम्ही ते पाळता हे ग्राहकाला सांगावे लागते. कॅटलॉगही आताच भरून टाका. त्यात ५०० पर्यंत वस्तू बसतात, तुम्हाला सहा-सातच लागतील : प्रत्येक आकाराची पेटी वेगळी, फळाचे अंदाजे वजन ग्रॅममध्ये, आणि माल संपला की ती नोंद त्याच दिवशी लपवायची.

दुसऱ्या शंकेविषयी : प्रथम ॲपमधूनच पुनर्विचाराची विनंती करावी. त्याने काम झाले नाही तर कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. असा अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. त्यांचा निर्णय मान्य नसल्यास, तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. या समित्या २०२३ मध्ये स्थापन झाल्या आहेत आणि अपिलासाठी वकील नेमण्याची गरज नाही. मात्र त्या वेळी तुमच्याकडे ग्राहकांच्या संमतीचा पुरावा असला पाहिजे, म्हणून आलेले ते १२० "हो" पुसू नका. चॅटचा बॅकअप सुरू आहे का तेवढे आज रात्री तपासा, आणि जुने सिम दर महिन्याला थोडे वापरून किमान पुढच्या जूनपर्यंत चालू ठेवा, कारण ज्यांनी अजून "हो" लिहिलेले नाही ते आंब्याची आठवण झाल्यावर त्याच क्रमांकावर फोन करतील.